मैदानेश्वरीचं माहेर

शिवकृपा लेआउट, नागपूर
१२ जुलै २०२५

जयवंता,

तुले माझा आशीर्वाद, अन् तुझ्या कानांले कोपरापासून नमस्कार. फोनवर मी घसा फोडून तुझ्या पोरीची, गोपिकाची, तब्येत विचारते अन् तू म्हणते, 'हो, इकडं पण पाऊस आहे.' शेजारच्या खिडक्या उघडतात. लोकांले वाटते म्हातारी सुनेले शिव्या देऊन राहिली. म्हणून आता पत्र. बोलणार मी, लिहिणार अंजू. एरवी सून सासूचं ऐकते की नाही हे तुले मी काय सांगू, पण हातात पेन दिला की ऐकते. शाळेत मास्तरीण होती ना, श्रुतलेखन घ्यायची. (मी गणित शिकवत होते. – अंजू) पाहा, मधात बोलते. तू चौथी शिकलेली, म्हणून अक्षर मोठं काढ म्हटलं तिले.

इकडची एक मजा सांगते. आमच्या मागच्या भिंतीपलीकडं सरकारी मैदान आहे, तू पाहिलं आहे. लेआउटवाल्यांनी त्याचा उकिरडा केला होता. वरून ड्रायव्हर लोक भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. सकाळी मी तुळशीले पाणी घालायले जावं, तर भिंतीपलीकडं दुसरंच पाणी सुरू. माझ्या भूपेशनं पाटी लावली, 'येथे कचरा टाकू नये'. लोक शिकलेले आहेत वं, पाटी वाचून टाकायचे.

मी म्हटलं, थांबा. आपला तांडापेठचा मागाचा दगड आठवते? ताणा ताठ राहावा म्हणून दोरीले बांधायचो तो. माग विकला तेव्हा लाकूड नेणाऱ्यानं दगड नेला नाही. भूपेश लहानपणी त्याच्यावर बसून पाढे म्हणायचा, म्हणून मी इथं घेऊन आली. तो जिन्याखाली पडला होता. भूपेशनं स्कूटरवर पायाशी ठेवून भिंतीपलीकडं नेला. मी तेलात शेंदूर कालवला, दगडाले फासला, वर एक जास्वंद ठेवलं. झालं! कचरा बंद, पाणी बंद. आता तेच ड्रायव्हर हात जोडून जातात. भूपेश हसला, अंजू हसली, आता तू हास.

कुसुमावती

•

हिंगणा
२५ जुलै

मोठ्या बाईले जयवंताचा नमस्कार.

हसली, लय हसली. गोपिका कंपनीच्या बसमधून उतरून आली तर तिले वाटलं मले काय झालं. आमचा मालक, तुझा दीर, आज असता तर म्हणाला असता, मी जन्मभर ज्याले ओढलं त्याच्या आता पाया पडायचं का?

आता माझी बातमी ऐक. बसून ऐक. घरकुलाच्या सोडतीत माझं नाव निघालं! गोपिकानं कंपनीत कोणाच्या तरी मोबाइलवर पाहिलं अन् कामाच्या मधात रडली. सुपरवायझर म्हणाला, घरी कोणी गेलं का? ती म्हणाली, नाही, घरच आलं.

बाई, माग गेल्यापासून मी चूल किती जागी हलवली तुले माहीत आहे. ह्या खोलीले दार सुद्धा नाही. पत्रा आहे, तार गुंडाळून बंद करते. गोपिका रात्रपाळीले गेली की मी त्या तारेकडं पाहत पडून राहते. मले महाल नको. आतून कडी लावता येईल असं एक दार पाहिजे, बस.

अन् खरी गंमत शेवटी ठेवली. बिल्डिंग कुठं होणार म्हणते? शिवकृपा लेआउटच्या मागच्या मैदानात. तुझ्या भिंतीले लागून! तांडापेठेत जशी आपली एक भिंत होती तशी.

जयवंता

•

शिवकृपा लेआउट
६ ऑगस्ट

जयवंता,

तुझं पत्र अंजूकडून दोन वेळा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा म्हटलं तर ती म्हणाली, भाजी जळते. जळू दे म्हटलं, तशीही काय चव असते. (हे मी लिहिते आहे, हे लक्षात असू द्या. – अंजू)

तू आली की भिंतीची एक वीट काढून टाकू. मी इकडून वाटी देईन, तू तिकडून दे. माझ्या हातचं पाटवडीचं सांबार तुले आवडायचं अन् तुझ्या हातचं मले कधीच नाही आवडलं, पण आता म्हातारपणी खाईन. आपण दोघी मिळून अंजूच्या चहाड्या करू. आता तिच्याकडूनच लिहून घ्याव्या लागतात, त्याच्यात मजा नाही.

इकडं थोडा गलबला आहे. तुझ्या कानावर दुसऱ्याकडून येण्याआधी सांगून ठेवते. लेआउटवाल्यांले मैदानात बगिचा पाहिजे. सुमंतराव म्हणून एक रिटायर साहेब आहेत, त्यांनी समिती काढली. म्हणतात, गर्दी होईल, पाण्याचं प्रेशर कमी होईल, पोरीबाळींले बाहेर निघायची सोय राहणार नाही. मी म्हटलं, येणाऱ्यांच्या घरी पण पोरीबाळीच आहेत. ते हसले. मोठ्या माणसाचं हसणं कसं, चहात माशी पडल्यावर पाहुणा हसतो तसं.

अन् आपला दगड आहे ना, त्याले लोक जरा जास्तच मानून राहिले. कोणी अगरबत्ती लावते, कोणी नारळ फोडते. फोडू दे, खोबरं मुंग्या खातात.

तू जिवाले लावून घेऊ नको. चार दिवसांची हवा आहे, निघून जाईल.

(आईंनी इथलं एक वाक्य मला खोडायला सांगितलं. – अंजू)

कुसुमावती

•

हिंगणा
२ सप्टेंबर

मोठ्या बाईले नमस्कार.

परवा रविवारी मी अन् गोपिका घराची जागा पाहायले आलो होतो. तुले सांगितलं नाही, म्हटलं आधी जागा पाहू, मग तुझ्या दारात उभं राहून तुले चमकवू. गोपिकानं पेढे घेतले होते.

तुझी हवा पाहिली. टिनाचं शेड, लाल कपडा, लाउडस्पीकर. वर फलक, 'स्वयंभू मैदानेश्वरी माता, प्राचीन देवस्थान. या पवित्र भूमीवर घरकुल नको.' मले वाचता येते हे तू विसरली असशील. खाली नावं पण वाचली. अध्यक्ष सुमंतराव. सचिव भूपेश.

आपला भूपेश.

दगडाले चांदीचे डोळे बसवले आहेत. एक बाई मले सांगू लागली, ही गळ्याजवळची रेघ पाहा, देवीनं जन्मतःच हार घातला आहे. बाई, ती दोरीची खाच आहे. तुझ्या दिरानं रोज सकाळी तिथं दोरी ओढली तेव्हा ती पडली. मी अंधारात हात लावून ओळखीन. मी पाया पडली नाही, नुसती पाहत उभी राहिली. तर ती बाई म्हणाली, 'कोणाकडे कामाला येता तुम्ही?'

तुझ्या घरावरून गेलो. अंजूची निळी साडी वाळत होती. गोपिका बेल वाजवायले गेली, मी तिचा हात धरला. पेढे बसस्टॉपवर वाटून टाकले.

तू ते वाक्य काहून खोडलं ते आता कळलं. माझ्या नवऱ्याचा दगड, अन् माझंच दार अडवायले. हे मले हसून सांगितलं तू.

जयवंता

•

शिवकृपा लेआउट
१२ सप्टेंबर

जयवंता,

तुझं पत्र वाचता वाचता अंजू मधात थांबली, आत जाऊन पाणी पिऊन आली, मग पुढं वाचलं. हसण्यासारखं आज काही नाही.

खोडलेलं वाक्य 'भूपेश समितीचा सचिव आहे' हेच होतं. मले वाटलं सांगायची वेळच येणार नाही. पोट्टा माझा आहे, मी कान धरला की सोडून देईल. माझ्या हाताले आता त्याचा कान पुरत नाही, हे ध्यानात आलं नाही.

पुढं ऐक. परवा समितीची सभा होती. नवरात्राच्या नवमीले घरकुलाचा मोठा साहेब जागा पाहायले येणार आहे. त्याच्यापुढं लेआउटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं, म्हणजे मी, सांगायचं की देवी आमच्या पणज्यापासून इथं आहे. सुमंतरावांनी माझ्यासाठी खुर्ची ठेवली, पाठीले उशी दिली. मी काठी टेकून उभी राहिली अन् म्हटलं, 'अहो, ती देवी नाही. तो माझ्या दिराच्या मागाचा दगड आहे. तुम्ही भिंतीशी घाण करत होते म्हणून मी शेंदूर फासून ठेवला. उन्हाळ्यात.'

वाटलं, झालं काम. तर सुमंतराव उठले अन् मले हात जोडून म्हणाले, 'आजी, तुम्ही भाग्यवान. तिला तुमच्याच हातून प्रकट व्हायचं होतं.' प्रमोदिनीबाईंनी, म्हणजे चांदीचे डोळे देणाऱ्या बाईनं, डोळे पुसले. दोघी-तिघी माझ्या पाया पडल्या. जयवंता, खरं बोलून पाया पडून घ्यायची पाळी माझ्यावर जन्मात पहिल्यांदा आली.

मग मी म्हटलं, 'भूपेशले विचारा. स्कूटरवर यानंच नेला.' सगळे त्याच्याकडं पाहू लागले. तो कागदाकडं पाहत होता. म्हणाला, 'आईचं वय झालंय. हल्ली तिला आठवत नाही.'

मले पाढे येत नाहीत, पण त्याचे पाढे अजून आठवतात. सतरावर अडकायचा.

घरी आल्यावर विचारलं, काहून रे? तर म्हणते, 'आई, इथं सगळे आपल्याले आपल्यातले समजतात. उद्या कळलं की घरकुलात येणारी आपली काकू आहे, तर आपण पण घरकुलवालेच झालो.' मी म्हटलं, मग कोण आहो आपण, राजाच्या घरचे? राजाच्या घरी आपण विणलेलं लुगडं जात होतं, आपण नाही. तो जेवला नाही. मी जेवली.

तू बेल वाजवली असती तर बरं झालं असतं. शिव्या देऊन तरी घरात आली असती.

कुसुमावती

(काकू, त्या सभेत मीही बसले होते. मलाही सगळं माहीत होतं. मीही काही बोलले नाही. – अंजू)

•

हिंगणा
१९ सप्टेंबर

मोठ्या बाईले,

राग गेला नाही. पण अंजूच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या.

खांडेनवमीले दरवर्षी मी धोटा पुजते. माग नाही, पण बाणा टाकायचा धोटा ठेवला आहे. आपल्या घरी त्या दिवशी मागाले हळदकुंकू लावल्याशिवाय कोणी जेवत नव्हतं, दगडाले पण लागायचं. या वर्षी मले तो दगड पाहिजे. देवी तुमच्या समितीची असेल तर ठेवा म्हणा, दगड माझ्या घरचा आहे. मागून राहिली समज, नाही तर भांडून राहिली समज.

जयवंता

•

शिवकृपा लेआउट
३ ऑक्टोबर

जयवंता,

दसऱ्याचं सोनं घे. दगड तुले पोचला हे मले माहीत आहे, पण इथं काय झालं ते तू नेणाऱ्याच्या तोंडून ऐकलं नसणार. तो बोलत नाही. म्हणून मी सांगते.

तुझं पत्र आल्यावर लय विचार केला. खरं बोलून पाहिलं, त्याची आरती झाली. मग म्हटलं, यांले देवीच पाहिजे ना? मग देवीचं सगळंच घ्या, अर्धं काहून?

नवमीच्या सकाळी शेडमध्ये गर्दी. साहेब यायचा होता, सुमंतराव फेटा बांधून. आरती झाली. मी पुढं झाली अन् म्हटलं, 'तुम्ही म्हणता ही माझ्या हातून प्रकट झाली. मग मी हिची माय झाली की नाही?' झाल्या, झाल्या, सगळे म्हणाले. 'महालक्ष्म्या माहेरी येतात. भुलाबाई येते. मग आमचीच पोट्टी काहून चोवीस तास सासरी? दसऱ्याले तिले माहेरी न्यायचं आहे. काकू वाट पाहून राहिली.'

बायांच्या डोळ्यांत पाणीच आलं. प्रत्येकीले आपापलं माहेर आठवलं असेल, त्याच्यात खोटं काही नव्हतं. आता ओटी भरायची, अन् मी तर विधवा, माझा हात चालत नाही. मी मागं वळून पाहिलं. अंजूले काही सांगितलं नव्हतं मी. (सांगितलं नव्हतं. – अंजू) ती घरून खण, नारळ, तांदूळ पदरात घेऊनच आली होती. (तुमची पत्रं मीच लिहिते, आई. – अंजू) पुढं गेली, दगडाले हळदकुंकू लावलं, ओटी भरली. तिच्यामागून प्रमोदिनीबाई. मग एकेक करत सगळ्या बायांनी भरली.

सुमंतरावांच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. म्हणाले, 'थांबा, थांबा, देवी अशी हलवत नाहीत.' तर प्रमोदिनीबाईच म्हणाल्या, 'अहो, ओटी भरली. आता कसं थांबवायचं? अपशकुन होईल.' समितीच्या सगळ्या बायांनी आपल्या हातानं निरोप दिला होता. मी तर नुसती उभी होती.

पण उचलणार कोण? पुरुष एकमेकांकडं पाहू लागले. हात लावायची कोणाची छाती होईना. माझ्यानं तर काठीच कशीबशी उचलते. वाटलं, राहिलं इथंच.

भूपेश मागं उभा होता, गळ्यात सचिवाचा बिल्ला. पुढं आला. चपला काढल्या. सुमंतराव म्हणाले, 'भूपेशराव, विचार करा.' त्यानं केला नसेल, कारण तो खाली वाकला अन् जिथं दोरीची खाच आहे तिथं बरोबर बोटं घातली. तिथूनच तो दगड उचलता येते, दुसरीकडून नाही. नवीन माणसाले हे माहीत नसते. बघणाऱ्यांतल्या दोघा-चौघांले ते कळलं असेल. सुमंतरावांले नक्की कळलं. त्यांचं तोंड उतरलं.

स्कूटरवर पायाशी ठेवून तो गेला. साहेब आला तेव्हा शेडखाली पिवळं पडलेलं गवत अन् सांडलेले तांदूळ. त्यानं विचारलं, देवस्थान कुठं आहे? मी म्हटलं, 'माहेरी गेली.' तो म्हणाला, 'म्हणजे जागा मोकळी आहे.' अन् लिहून घेतलं.

मले आनंद व्हायले पाहिजे होता. खरं सांगितलं तर वय झालं म्हणाले, नाटक केलं तर रडले. हे काही चांगलं नाही वं. तिकडं भूपेश काय बोलला ते कळव.

कुसुमावती

•

हिंगणा
९ ऑक्टोबर

मोठ्या बाईले नमस्कार.

तो आला तेव्हा मी धोटा पुजत बसली होती. पत्र्याची तार सोडली तर भूपेश, घामानं भिजलेला, हातात दगड. म्हणाला, 'काकू, कुठं ठेवू?' मी म्हटलं, 'देवी आहे की दगड, ते सांग, मग जागा दाखवते.' तो म्हणाला, 'काकाचा दगड आहे.'

मी तेलानं शेंदूर पुसला. डोळे निघाले ते कागदात बांधून सोबत पाठवते, त्या बाईले दे. म्हणा, डोळे तुमचे, दगड आमचा. हळदकुंकू लावलं, धोट्याशेजारी ठेवला. मग चहा केला. माझ्याकडं खुर्ची नाही. तो इकडंतिकडं पाहून दगडावरच बसला, गुडघे छातीशी घेऊन. गोपिका हसू लागली. तो पण हसला, मग तोंड फिरवून पत्र्याकडं पाहत बसला. विचारलं, 'ही तार रोज बांधता?' म्हटलं, रोज.

माफी मागितली नाही. जाताना ती तार त्यानं बाहेरून फटीत हात घालून घट्ट करून पाहिली, सैल होती म्हणून पुन्हा गुंडाळली.

पण बाई, मले आता भीती वाटते. कामाले कोणाकडं येता म्हणणाऱ्या लोकांच्या शेजारी राहायचं. घर मिळालं तरी त्यांच्या डोळ्यांसमोरून रोज जायचं. गोपिका म्हणते, नाव परत करू का? तू सांग.

जयवंता

•

शिवकृपा लेआउट
२८ ऑक्टोबर

जयवंता,

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. एकदा हसून सांगून पाहिलं, ते महागात पडलं. आता आहे तसं सांगते.

समिती कोर्टात गेली आहे. आता देवी नाही, नाली आहे. म्हणतात सांडपाणी कुठं जाईल. भूपेशचं नाव फलकावरून गेलं, त्यावर पांढरा रंग मारला, पण खालून दिसते. कोजागिरीच्या दुधाले आपल्याले बोलावणं आलं नाही. दिवाळीत फराळाची ताटं इकडून गेली, तिकडून रिकामी आली. अंजू रात्री ताट घासताना जास्त घासते. (एवढं नाही. – अंजू) एवढंच. प्रमोदिनीबाई एकटी येऊन गेली, डोळे घ्यायले. उंबऱ्यातच उभी होती. जाताना विचारलं, 'त्या काकू रागावल्यात का?' मी म्हटलं, 'आल्या की तुम्हीच विचारा.'

मैदानात माणसं येऊन चुन्याची रेघ मारून गेली. पाऊस आला, धुऊन गेली. ते परत आले, परत मारली. भूपेश ऑफिसातून आला की गच्चीवर जाऊन रेघ आहे का पाहतो. मी विचारलं काय पाहते रे, तर म्हणते, 'काकूचं दार कोणत्या बाजूले येईल ते.'

नाव परत करू नको. तुझी भीती तुझ्याजवळ राहू दे, अन् नाव यादीत राहू दे, दोन्ही एका घरात राहतात. मी ह्या लेआउटात आली तेव्हा मले पण कोणी विचारलं होतं, कोणाकडं कामाले? मी सांगितलं, माझ्याच घरी, पगार नाही.

दगड टाकू नको. शेंदूर खाचेत राहिला असेल, काडीनं काढ. येताना घेऊन ये. मैदानातून वारा लय येते इकडं, दार आपटते. उघडं ठेवायचं म्हटलं की दाराले काहीतरी लावायले पाहिजे.

कुसुमावती